जुनं टेलव्हील बुश प्लेन अमेरिकेत नावावर करताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अलास्कात किंवा आयडाहोच्या डोंगरांतल्या गवताळ धावपट्ट्यांवर उतरायचं म्हणून जुनं टेलव्हील (तिसरं छोटं चाक शेपटाखाली असलेलं) विमान घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी टायर, इंजिनाचे तास आणि रंग बघतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी स्वतःची पात्रता, मग विमानाची फाईल, आणि विमान सगळ्यात शेवटी. सत्तर वर्षांच्या विमानात पाच-सहा मालकांनी आपापल्या सोयीने बदल केलेले असतात. ते बदल कागदावर नसतील तर नियमाप्रमाणे विमान उडण्यालायक नाही, मग ते रोज का उडत असेना.

इथे धरलेली विमानं नेहमीचीच आहेत: पायपर जे-३ कब, १९४९ पासून निघालेलं सुपर कब, १९४८ ते १९५६ मधलं सेसना १७०, १९५३ नंतरचं सेसना १८० आणि त्याचा दणकट भाऊ १८५. चॅम्प, स्टिन्सन १०८, मॉल यांनाही हीच प्रक्रिया लागू होते.

विमान कोणाच्या नावावर होऊ शकतं

विमानाची नोंदणी एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे होते आणि सगळं दफ्तर ओक्लाहोमा सिटीत आहे. व्यक्ती म्हणून नोंदणी करायची तर तुम्ही अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असायला हवं. नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड ठेवलं असेल तर अडचण नाही, इथे तुम्ही अमेरिकन नागरिकच. ग्रीन कार्डवाल्यांना अर्जात आपला एलियन रजिस्ट्रेशन नंबर लिहावा लागतो.

एच-१बी किंवा इतर व्हिसावर असणाऱ्यांच्या नावावर विमान होत नाही. पायलटचं लायसन्स मिळू शकतं, भाड्याच्या विमानावर उडता येतं, फ्लाइंग क्लबमध्येही जाता येतं; फक्त मालक म्हणून नाव लागत नाही. ट्रस्टची एक वाट आहे. त्यात विमान अमेरिकन विश्वस्ताच्या नावावर राहतं आणि त्याला हुकूम देण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार परकीय लाभार्थींकडे २५ टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. वकिलाची आणि विश्वस्ताची दरवर्षीची फी धरली तर एका छोट्या कबसाठी हा उपद्व्याप मला परवडणारा वाटत नाही.

भागीदारीत घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण लोक इथेच फसतात. दोन मित्र, एक नागरिक आणि दुसरा ग्रीन कार्डवाला, सहमालक म्हणून अर्ज करू शकतात. तेच दोघे 'पार्टनरशिप' म्हणून गेले तर अर्ज परत येतो, कारण पार्टनरशिपमधला प्रत्येक जण नागरिकच असावा लागतो. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली की सगळं सुटतं असाही समज आहे. कंपनी 'नागरिक' ठरायला मतदानाचे ७५ टक्के हक्क नागरिकांकडे हवेत, अध्यक्ष आणि संचालक मंडळातले किमान दोन तृतीयांश लोक नागरिक हवेत, आणि प्रत्यक्ष ताबाही त्यांचाच हवा. त्यात न बसणाऱ्या, पण अमेरिकन कायद्याखाली स्थापन झालेल्या कंपनीला विमान अमेरिकेतच ठेवून किमान ६० टक्के उड्डाण तास देशात झाल्याचं दाखवावं लागतं. एकट्यासाठी विमान घेत असाल तर सरळ स्वतःच्या नावावर घ्या.

फाईल: इथे वेळ घालवा

जमीन घेणारा आधी सातबारा काढतो, तसं इथे विमानाची फाईल काढायची. एफएएच्या संकेतस्थळावर एन-नंबर, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे ते फुकटात दिसतं. नंतर पूर्ण फाईल मागवा. प्रत १० डॉलरला मिळते. तिचे दोन भाग असतात. एकात आजवरची सगळी विक्रीपत्रं आणि कर्जाच्या नोंदी, दुसऱ्यात एअरवर्दीनेसची, म्हणजे उडण्यालायक असल्याची कागदपत्रं आणि मोठ्या दुरुस्त्यांचे व बदलांचे फॉर्म ३३७.

पहिल्या भागात मालकीची साखळी तपासा. विकणारा माणूस आणि नोंदणीतला शेवटचा मालक एकच आहे का? जुन्या विमानांत मालक वारलेला असतो, मुलगा विमान विकतो आणि मधला कागदच नसतो. अशा वेळी वारसाहक्काची कागदपत्रं आधी विकणाऱ्याने पुरी करायची, पैसे त्यानंतर. दुसरा नेहमीचा घोळ जुन्या कर्जाचा. चाळीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज अजून नोंदीत उभं असतं, कारण बँकेने बोजा उतरवल्याचा कागद कधी पाठवलाच नाही. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली तर तो कागद मिळवायला महिनेही जातात. टायटल सर्च (मालकीची तपासणी) आणि एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवणं) करणाऱ्या कंपन्या हे काम माफक पैशात करतात. रक्कम एस्क्रोतूनच द्या.

दुसरा भाग घेऊन विमानासमोर उभं राहायचं. समजा सुपर कबला ३१ इंची बुशव्हील टायर लावले आहेत. सुपर कबचं मूळ टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, १ए२. त्याच्या डेटा शीटमध्ये हे टायर नसतील तर ते एसटीसीखाली, म्हणजे पूरक मंजुरीखाली बसवलेले असायला हवेत. मग फाईलमध्ये त्या तारखेचा फॉर्म ३३७ शोधायचा: त्यावर एसटीसीचा नंबर आहे का, काम कोणी केलं, तपासून सही कोणी केली. तो सापडला तर विकणाऱ्याकडे एसटीसीच्या मालकाचं परवानगीपत्र मागायचं. शेवटी वजन आणि समतोलाचा ताजा कागद बघायचा, कारण मोठ्या टायरने रिकाम्या विमानाचं वजन वाढतं आणि तितका माल कमी घेता येतो. इंजिन, प्रॉपेलर, व्होर्टेक्स जनरेटर (पंखावरच्या छोट्या पट्ट्या), मागची वाढवलेली सामानाची जागा, स्की, फ्लोट या प्रत्येक गोष्टीसाठी हीच फेरी. कंटाळवाणं आहे. पण ३३७ नसलेला एक बदल पुढच्या वार्षिक तपासणीत विमान जमिनीवर बसवू शकतो, आणि तेव्हा मालक तुम्ही असता.

लॉगबुकं सुरुवातीपासून सलग आहेत का तेही बघा. एकूण तास आणि एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची (एडी, म्हणजे एफएएने सक्तीच्या केलेल्या तपासण्या-दुरुस्त्या) आजची स्थिती हे रेकॉर्ड विक्रीबरोबर देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. 'गोदामाला आग लागली तेव्हा लॉगबुकं गेली' असं सांगणारे भेटतात. खरंही असेल, पण किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे.

विमानाची श्रेणीही वाचा. कबसारखं दिसणारं प्रत्येक विमान स्टँडर्ड श्रेणीतलं नसतं. काही घरी बांधलेली एक्सपेरिमेंटल असतात आणि त्यांचे नियम वेगळे. स्टँडर्ड एअरवर्दीनेस सर्टिफिकेटला संपण्याची तारीख नसते, ते विमानाबरोबर नव्या मालकाकडे येतं. मात्र दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी व्हावीच लागते. ती चुकली असेल आणि विमान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर एफएएकडून खास उड्डाण परवाना काढावा लागतो.

खरेदीपूर्व तपासणी

'प्री-बाय' नावाची कायदेशीर व्याख्या कुठेही नाही. मेकॅनिकला काय बघायचं ते तुम्हीच लिहून द्यायचं. तो विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक नसावा आणि त्याने टेलव्हील विमानं हाताळलेली असावीत.

पायपरमध्ये पंखाला खालून आधार देणारे लिफ्ट स्ट्रट आधी. पोकळ नळीत पाणी शिरून खालच्या टोकाला साचतं आणि गंज आतून खातो. बाहेरून रंग चकचकीत. म्हणून एडीप्रमाणे दर २४ महिन्यांनी त्यांची तपासणी होते. विमानाचं कापडी आवरण तपासायला वापरतात तोच मॉल टेस्टर मेकॅनिक स्ट्रटच्या खालच्या भागावर इंचाइंचाने दाबत जातो. नळी आतून कुजलेली असेल तर तिथे खड्डा पडतो. सीलबंद नवे स्ट्रट बसवले असतील तर ही कटकट संपते. विमान पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा.

सेसनात सीटचे रूळ. रुळांतल्या भोकांमध्ये सीटचा खिळा अडकतो. वर्षानुवर्षांच्या वापराने भोकं लांबट होतात आणि टेकऑफच्या ऐन वेळी सीट मागे सरकते. पायलट स्वतःला सावरायला योक (सुकाणू) धरतो आणि नाक आणखी वर जातं. अशाने माणसं गेलेली आहेत, म्हणून त्यावर वारंवार करायची एडी आहे. १८० आणि १८५ मध्ये शेपटाकडच्या जोडांना जाणाऱ्या तड्यांवरही एडी निघालेली आहे.

टेलव्हील विमान आयुष्यात कधी ना कधी ग्राउंड लूप (जमिनीवर धावताना गर्रकन फिरणं) झालेलं असतं असं धरून चाला. त्याने विमान टाकाऊ होत नाही, दुरुस्ती कागदावर असली म्हणजे झालं. लँडिंग गिअर जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथलं वेल्डिंग किंवा रिव्हेट बघा आणि पंखाच्या टोकाकडची स्पार (पंखाची मुख्य तुळई).

विक्रीपत्र आणि नोंदणीचा अर्ज

कागद मोजून दोन. विक्रीपत्राचा फॉर्म ८०५०-२, त्यावर विकणाऱ्याची सही. नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म ८०५०-१, त्यावर तुमची. केअर्स नावाच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन करता येतो, टपालानेही चालतो. फी वर्षानुवर्षं ५ डॉलर राहिली आहे. पोर्टलवर दिसेल तीच भरा.

अर्ज बहुधा क्षुल्लक कारणांनी परत येतात. विक्रीपत्रावरचं तुमचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मधे लिहायची आपली सवय, आणि एका कागदावर ते पूर्ण तर दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, हा प्रकार आपल्या लोकांत फार. सहीखाली नाव छापील अक्षरांत लिहा. पत्ता पोस्ट बॉक्सचा असेल तर राहण्याचा पत्ताही द्या. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या. विक्रीपत्रावर खरी किंमत टाकायची सक्ती नाही, बरेच जण 'एक डॉलर व इतर मोबदला' असं लिहितात. राज्याचा करविभाग मात्र खरी रक्कम विचारणारच, म्हणून वेगळा खरेदी करार करून ठेवा. अलास्का, मोंटाना आणि ओरेगनमध्ये राज्याचा विक्रीकर नाही. इतर बऱ्याच राज्यांत खरेदीवर किंवा वापरावर कर लागतो. काही राज्यांत राज्याची वेगळी नोंदणीही करावी लागते.

अर्ज पाठवल्यावर त्याची प्रत विमानात ठेवून ९० दिवसांपर्यंत उडता येतं. ही मुभा फक्त देशाच्या हद्दीत आहे. अलास्कात विमान नेणाऱ्यांना हे नडतं: मोंटानात घेतलेलं विमान उडवत न्यायचं तर वाटेत कॅनडा, आणि तिथे प्रत चालत नाही, मूळ सर्टिफिकेटच लागतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं घोषणापत्र जोडलं तर अर्ज लवकर हातावेगळा होतो. त्या प्रवासासाठी विमानाच्या रेडिओचं आणि तुमचं स्वतःचं एफसीसीचं (दूरसंचार आयोगाचं) परवानापत्रही काढून ठेवा.

सर्टिफिकेट २०२३ पासून सात वर्षं चालतं. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. मालकाचं नाव-पत्ता लोकांना संकेतस्थळावर दिसतं. नको असेल तर ते झाकण्याची विनंती २०२५ पासून केअर्सवरच करता येते. तीस वर्षांहून जुन्या छोट्या विमानाला बारा इंची आकड्यांऐवजी दोन इंची चिन्हं चालतात, 'एन'नंतर 'सी' घालून. जुन्या कबच्या शेपटावर 'एनसी' दिसतं ते यामुळेच. हौस असेल तर ठेवा.

तुमचे स्वतःचे कागद

लायसन्स असलं तरी टेलव्हीलसाठी लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची एन्डोर्समेंट (प्रशिक्षण झाल्याचा सही-शेरा) लागते. त्यात साधं आणि आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (आधी पुढच्या दोन चाकांवर उतरणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) येतं. १५ एप्रिल १९९१ च्या आधी टेलव्हीलवर पायलट-इन-कमांडचे तास नोंदवलेल्यांना ती लागत नाही. इंजिन २०० हॉर्सपॉवरच्या वर असेल, जसं सेसना १८० मध्ये असतं, तर हाय-परफॉर्मन्सची वेगळी. प्रवासी घेण्याआधी ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, आणि टेलव्हीलमध्ये प्रत्येक लँडिंगला पूर्ण थांबायचं. ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलट (छोट्या विमानांपुरतं सोपं लायसन्स असलेले) यांचे नियम सैल झाल्याने सेसना १७० सारखी चार सीटची विमानंही त्यांना उडवता येतात, प्रवासी मात्र एकच.

विमा देशाच्या कायद्याने सक्तीचा नाही, पण कर्ज घेतलं तर बँक मागतेच. विमा कंपनी टेलव्हीलचे तास विचारते आणि त्याच मॉडेलमध्ये इन्स्ट्रक्टरसोबत अमुक तास करा असं सांगते. कोटेशन विसार देण्याआधी घ्या. विमान दारात आणि विमा नाही, अशी वेळ नवख्यांवर हमखास येते.

उडताना विमानात चार कागद हवेत: एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, नोंदणी, ऑपरेटिंग मर्यादा, वजन-समतोल. ईएलटी (अपघातात आपोआप संदेश पाठवणारा ट्रान्समीटर) ४०६ मेगाहर्ट्झचा घ्या. जुन्या विमानांत अजून १२१.५ चे असतात आणि उपग्रहांनी त्यांचे संदेश ऐकणं १ फेब्रुवारी २००९ ला बंद केलं. अलास्काच्या कायद्यात विमानात ठेवायच्या आपत्कालीन सामानाची स्वतंत्र यादी आहे, ती वेगळी बघा.

उतरण्याची परवानगी जागेप्रमाणे बदलते. आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकसारख्या राज्याच्या पट्ट्या खुल्या आहेत. फ्रँक चर्च अभयारण्यातल्या जुन्या पट्ट्या १९८० च्या कायद्याने टिकवल्या आहेत. राष्ट्रीय उद्यानांत ठरवून दिलेल्या जागा सोडून उतरता येत नाही, अलास्कातल्या उद्यानांत मात्र सवलत आहे. खाजगी पट्टीवर जायचं तर मालकाला आधी फोन करायचा, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.