कण्यालगतची गोल सावली

चाकणच्या कारखान्यात रुजू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढला जातो. खोकला नाही, दम लागत नाही, पण रिपोर्टमध्ये कण्यालगत एक गोल सावली. पुण्यातच काय, आपल्याकडे कुठेही अशा वेळी आधी टीबी आठवतो, मग कॅन्सर. पण मोठ्या माणसांत नेमक्या याच जागची सावली बऱ्याचदा नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, गाठीची निघते, आणि त्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. लहान मुलांत मात्र इतकं निर्धास्त राहता येत नाही.

गाठ छातीत पुढे आहे की मागे, हे सपाट फिल्मवर कसं कळतं? फुप्फुसाचा शेंडा पाठीकडच्या बाजूने गळपट्टीच्या हाडाच्याही वर जातो. म्हणून त्या हाडाच्या वरही सावलीची कड स्वच्छ दिसली, तर तिच्याभोवती हवा आहे, म्हणजे ती मागे आहे. एवढा तर्क साध्या एक्स-रेवर चालतो, हे मला आजही भारी वाटतं.

मग शेजारची हाडं पाहायची. साधी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू दाबत राहते, त्यामुळे बरगडी झिजते पण तिची कड गुळगुळीत राहते. दोन बरगड्यांमधलं अंतर वाढतं, मणक्यातून नस बाहेर पडते ते छिद्र रुंदावतं. हाड वेडंवाकडं कुरतडलेलं दिसलं, तर शंका वेगळी. काही गाठी त्या छिद्रातून आत मज्जारज्जूपर्यंत शिरतात. आत एक फुगवटा, बाहेर एक, म्हणून त्यांना डंबेल गाठ म्हणतात. ऑपरेशनआधी एमआरआय हवाच, तो यासाठी. आतला भाग लक्षात आला नाही, तर छाती उघडल्यावर मज्जारज्जूला धोका होऊ शकतो.

नसेच्या गाठींचे श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा, गँगलिओन्यूरोमा असे प्रकार असतात, त्यांचा अंदाजही एमआरआयवर येतो. श्वानोमात पाणी साठलेले कप्पे दिसू शकतात. न्यूरोफायब्रोमा टी-२ चित्रात (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार) कधी कधी कडेला उजळ, मधोमध गडद दिसतो, पण हे चिन्ह श्वानोमातही आढळतं. गँगलिओन्यूरोमा उभा, लांबट, कण्याला धरून अनेक मणक्यांपर्यंत पसरलेला असतो.

पेट स्कॅनमध्ये जास्त साखर वापरणाऱ्या पेशी चमकतात, म्हणून चमक दिसली की कॅन्सरची शंका येते. पण एकट्या पेट स्कॅनवर विसंबू नये. साधा श्वानोमाही त्यात चांगलाच चमकू शकतो, आणि अहवाल वाचून घरच्यांची झोप उडते. शंका उरलीच तर सीटीत बघत सुईने तुकडा काढून तपासतात.