बारा मँगनीजांचा रेणू आणि फ्लॉरेन्सची प्रयोगशाळा: दान्ते गात्तेस्की यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

लोखंडाचा तुकडा चुंबक होतो तो त्यातल्या असंख्य अणूंच्या सामूहिक शिस्तीमुळे. एकेकट्या अणूला ही शिस्त टिकवता येत नाही, आणि म्हणूनच चुंबकत्व हा घन पदार्थांचा गुणधर्म असून त्याचा अभ्यास भौतिकशास्त्रज्ञांनी करायचा, अशी समजूत विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात होती. १९९३ साली मात्र फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की मँगनीजचे बारा अणू असलेला एक सुटा रेणू, शेजारच्या रेणूंची मदत न घेता, पुरेशा थंडीत चुंबकासारखा वागतो आणि एकदा दिलेली दिशा महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. या संशोधनामागचे प्रमुख नाव दान्ते गात्तेस्की यांचे. त्यांचे शिक्षण असेंद्रिय रसायनशास्त्राचे होते, आणि त्यांची वाटचाल समजून घ्यायची तर त्या शाखेत चुंबकत्वाचे स्थान मुळात काय होते हे आधी पाहावे लागते.

ते स्थान चाकराचे होते. लोखंड, निकेल, तांबे यांसारख्या संक्रमणी धातूंच्या संयुगांत एकांडे, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची संख्या चुंबकीय मापनातून कळते. गोय तुला या तराजूच्या एका बाजूला संयुगाची भुकटी भरलेली नळी टांगायची, नळीचे टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवायचे आणि चुंबक चालू असताना व बंद असताना वजनात किती फरक पडतो ते पाहायचे, एवढीच ही रीत. निकेलच्या संयुगात दोन एकांडे इलेक्ट्रॉन सापडले की त्याची रचना चौरस सपाट नसावी असा अंदाज बांधता येई. एकही सापडला नाही तर ती बहुधा तशीच असे. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना काढायला महिने लागत त्या काळात ही युक्ती फार मोलाची होती. भारतातही ही परंपरा जुनी आहे. शांतिस्वरूप भटनागर यांनी के. एन. माथुर यांच्यासह १९२८ मध्ये चुंबकीय मापनासाठी नवी तुला तयार केली आणि १९३५ मध्ये दोघांचा चुंबकीय रसायनशास्त्रावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये के. एस. कृष्णन आणि त्यांचे सहकारी स्फटिकांचे चुंबकीय गुण दिशेनुसार कसे बदलतात हे त्याच सुमारास मोजत होते.

कृष्णन यांच्या सहकाऱ्यांपैकी बी. सी. गुहा यांचे एक मापन पुढच्या कथेला फार जवळचे आहे. कॉपर ॲसिटेट हे शाळेच्या प्रयोगशाळेतही आढळणारे निळसर हिरवे संयुग. त्यातल्या प्रत्येक तांब्याच्या आयनावर एक एकांडा इलेक्ट्रॉन असतो, म्हणून थंड करत गेल्यावर त्याचा चुंबकीय प्रतिसाद वाढत जायला हवा. गुहा यांनी १९५१ मध्ये नोंदवले की तो उलट घटत जातो. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ब्लीनी आणि बाउअर्स यांनी याचा उलगडा केला: या स्फटिकात तांब्याचे आयन जोडीने बसलेले असले पाहिजेत आणि जोडीतले दोन इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध दिशेने राहणे पसंत करत असले पाहिजेत. स्फटिकाची रचना तोवर कोणालाही ठाऊक नव्हती. १९५३ मध्ये ती निघाली आणि तांब्याच्या जोड्या खरोखरच तिथे होत्या. माझ्या मते रेणूंच्या चुंबकत्वाची सुरुवात येथे मानायला हवी. एकाच रेणूतले दोन धातू मधल्या अणूंच्या आडून एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणे मोजता येते, हे त्या निळसर हिरव्या स्फटिकाने पहिल्यांदा स्पष्ट दाखवले.

गात्तेस्की यांचा जन्म १९४५ चा. फ्लॉरेन्स विद्यापीठातून त्यांनी १९६९ मध्ये पदवी घेतली ती लुईजी साक्कोनी यांच्या हाताखाली. साक्कोनी यांनी तिथे धातूंच्या जटिल संयुगांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली होती. धातूभोवती त्याला इलेक्ट्रॉन देणारे पाच अणू असलेली निकेल आणि कोबाल्टची संयुगे ही त्यांची खासियत होती, आणि त्यांच्याकडेही चुंबकीय मापन हे रचनेचा माग काढणारे साधनच होते. गात्तेस्की यांनी त्या साधनाला एका अधिक सूक्ष्म साधनाची जोड दिली. इलेक्ट्रॉनांचे समचुंबकीय अनुस्पंदन, ज्याला सगळे ईपीआर म्हणतात, त्यात संयुगावर सूक्ष्मलहरी सोडून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या थेट वाचता येतात. पुढे त्यांनी आलेस्सांद्रो बेन्चिनी यांच्यासह परस्परांशी जोडलेल्या धातूंच्या ईपीआरवर लिहिलेला ग्रंथ १९९० मध्ये आला.

१९७० च्या दशकात प्रश्नच बदलू लागला. पॅरिसजवळच्या ओर्से येथे ओलिव्हिए कान हे या बदलाचे सर्वांत ठाम प्रवक्ते होते. धातूंच्या एकांड्या इलेक्ट्रॉनांच्या कक्षा एकमेकींवर चढल्या तर ते इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशा धरतात, आणि त्या काटकोनी, म्हणजे एकमेकींना न छेदणाऱ्या, ठेवता आल्या तर समांतर राहतात, हे त्यांनी तांबे आणि व्हॅनेडियम एकत्र बांधलेल्या रेणूवर दाखवून दिले. याचा अर्थ असा की चुंबकीय वर्तन हे मोजून काढण्याचे उत्तर न राहता आधी ठरवून घडवण्याची वस्तू झाली. १९८३ च्या जूनमध्ये इटलीतल्या कास्तिल्योने देल्ला पेस्काया या समुद्रकाठच्या गावी अमेरिकेतले रॉजर विलेट, गात्तेस्की आणि कान यांनी भरवलेल्या अभ्यासवर्गात रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ दोन आठवडे एकत्र बसले. या शाखेतली जुनी मंडळी तिचा आरंभ त्या वर्गापासून मोजतात.

पुढची काही वर्षे बहुतेकांचे लक्ष्य एकच होते: रेणूंपासून बनलेला, पण लोखंडासारखाच सामूहिक चुंबक. गात्तेस्की यांनी ग्रनोब्लच्या पॉल रे यांच्याबरोबर धातू आणि स्थिर सेंद्रिय मूलके, म्हणजे एकांडा इलेक्ट्रॉन असलेले रेणू, यांच्या साखळ्या बांधल्या. त्यांतल्या काही फक्त आठेक केल्व्हिनखाली (शून्य केल्व्हिन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस) चुंबक होत. या शर्यतीत इतरांना मोठे यश मिळाले. १९९५ मध्ये मिशेल व्हेर्दाग्वेर यांच्या गटाने प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगद्रव्याच्या घडणीचाच, पण व्हॅनेडियम आणि क्रोमियम वापरून बनवलेला पदार्थ ३१५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारीही, चुंबक राहतो हे दाखवले. फ्लॉरेन्सच्या वाट्याला जे आले ते वेगळेच होते आणि त्याचा शोध कोणी घेत नव्हते.

ते संयुग तयार होते. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ येथील तादेउश लिस यांनी १९८० मध्येच मँगनीज ॲसिटेट आणि पोटॅशियम परमँगनेट यांची ॲसेटिक आम्लात अभिक्रिया करून काळेभोर स्फटिक मिळवले आणि त्यांची रचना काढली होती. मधोमध ऑक्सिडेशनच्या चौथ्या पायरीवरचे, म्हणजे +४ भाराचे, चार मँगनीज, त्यांच्याभोवती तिसऱ्या पायरीवरच्या आठांचे कडे, आणि बाहेरून सोळा ॲसिटेटांचे वेष्टन. रचना काढली, प्रसिद्ध केली, आणि दहा वर्षे त्या रेणूकडे चुंबकीय दृष्टीने नीट पाहणारे फारसे कोणी नव्हते. वस्तू समोर असूनही तिला विचारायचा प्रश्न सुचलेला नसणे म्हणजे काय, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ कानेस्की आणि नुकतीच संशोधनाला लागलेली रोबेर्ता सेस्सोली यांनी गात्तेस्कींसह या रेणूवर काम सुरू केले. १९९१ मध्ये ग्रनोब्लच्या शक्तिशाली चुंबकक्षेत्रात केलेल्या ईपीआर मापनांसह त्यांनी त्याची मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची, स्थिती ठरवली. हिशेब सोपा आहे: बाहेरच्या आठांकडे प्रत्येकी चार याप्रमाणे ३२ एकांडे इलेक्ट्रॉन एका दिशेला, आतल्या चारांकडे प्रत्येकी तीन याप्रमाणे १२ विरुद्ध दिशेला, बाकी २०. भाषा स्पिनची, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत चुंबकत्वामागच्या राशीची, वापरायची तर प्रत्येकी अर्ध्याच्या हिशेबाने स्पिन १०. पण खरी नवलाची नोंद दुसरीच होती. दिशा सतत पालटणाऱ्या दुबळ्या चुंबकक्षेत्रात मोजताना या संयुगाचा प्रतिसाद क्षेत्राच्या मागे पडत होता, आणि किती मागे हे क्षेत्र किती वेगाने पालटते यावर अवलंबून होते. काहीतरी त्या रेणूला उलटण्यापासून अडवत होते. १९९३ च्या ‘नेचर’मधल्या लेखात त्याचे उत्तर आले. रेणूच्या स्पिनला स्फटिकातली एक विशिष्ट दिशा, वर किंवा खाली, आवडते. वरून खाली जायचे तर मधला, तापमानाच्या एककात मोजला तर सुमारे ६० केल्व्हिन उंचीचा, ऊर्जेचा डोंगर चढावा लागतो. दोन केल्व्हिनला तो चढायला महिने लागतात. त्याच वर्षी अमेरिकेतले जॉर्ज क्रिस्टू आणि डेव्हिड हेंड्रिक्सन यांच्याबरोबरही फ्लॉरेन्सचा संयुक्त लेख आला. ‘एका रेणूचा चुंबक’ हे आज रूढ असलेले नाव थोडे फसवे आहे, कारण ही सगळी मापने असंख्य रेणूंच्या स्फटिकांवर झालेली असतात. खरे म्हणायचे ते एवढेच की प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे वागतो.

डोंगर चढण्याऐवजी त्यातून बोगद्याने जाता येते, असे पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) सांगते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोनाथन फ्रीडमन, मिरियम सॅराचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसताना ग्रनोब्लमध्ये बर्नार बार्बारा यांच्या गटाने फ्लॉरेन्सच्या मंडळींसह, या स्फटिकांचे चुंबकन गुळगुळीत न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलते हे दाखवले. ठरावीक क्षेत्रांवर डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या पातळ्या समोरासमोर येतात आणि रेणू आरपार निसटतो. भौतिकशास्त्रज्ञांना बारा धातू-अणूंच्या एवढ्या मोठ्या वस्तूत पुंजयामिकी अशी उघड्यावर दिसणे ही मेजवानी होती. २००२ चे युरोपीय भौतिकशास्त्र पारितोषिक बार्बारा, फ्रीडमन, गात्तेस्की, सेस्सोली आणि वेर्न्सडोर्फर यांना विभागून मिळाले, ज्यांतले गात्तेस्की आणि सेस्सोली हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते.

त्यानंतरचे काम तीन दिशांना गेले. २००१ मध्ये फ्लॉरेन्सनेच कोबाल्ट आणि मूलकांची अशी साखळी बनवली जिचे मंद उलटणे भौतिकशास्त्रज्ञ ग्लाउबर यांनी १९६३ मध्ये कागदावर मांडलेल्या गणितासारखे होते. २००९ मध्ये लोखंडाचे चार अणू असलेले रेणू सोन्याच्या पृष्ठभागावर चिकटवूनही त्यांची स्मृती टिकते हे सिद्ध झाले. बारा मँगनीजांचा मूळ रेणू या परीक्षेत नापास झाला होता, कारण पृष्ठभागावर त्याचे ऑक्सिडेशन बदलून जाई. तिसरी दिशा जपानमधून आली. नाओतो इशिकावा यांनी २००३ मध्ये टर्बियमच्या एकाच आयनाचा, संथपणे उलटणारा चुंबक दाखवला, आणि टर्बियम, डिस्प्रोशियम यांसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे युग सुरू झाले. त्यात मुंबईचाही वाटा आहे: २०१६ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी डिस्प्रोशियमभोवती पाण्याचे पाच रेणू सपाट कड्यात बसवलेला आणि हवेत न बिघडणारा चुंबक प्रसिद्ध केला. हवेत टिकणे ही या क्षेत्रातली मोठी गोष्ट आहे, कारण विक्रमी संयुगे बहुधा हवा लागताच मरतात. २०१८ मध्ये दोन सेंद्रिय कड्यांमध्ये दाबून बसवलेल्या डिस्प्रोशियमची चुंबकीय स्मृती ८० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिनच्याही वर, टिकली.

त्या विक्रमी रेणूत धातूचा एकच आयन आहे. म्हणजे दोन धातू एकमेकांशी कसे बोलतात, या ज्या प्रश्नावर गात्तेस्की आणि कान यांच्या पिढीने आपली कारकीर्द घडवली, त्याची तिथे गरजच उरलेली नाही. पण नवे संयुग हाती आले की संशोधक आजही जी मापने सर्वांत आधी करतात, त्यांत पालटत्या क्षेत्रातल्या प्रतिसादाचे ते १९९१ मधले मापन असतेच.