अँटिबॉडी सेन्सर: लेबलच्या वादाची पार्श्वभूमी

अँटिबॉडीच्या मदतीने रक्तातला एखादा पदार्थ विजेच्या संकेताने मोजायचा, तर खुणेसाठी एन्झाइमसारखे लेबल जोडावेच लागते की लेबलविनाही भागते, हा जुना वाद. रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोजच्या इलेक्ट्रोडची कल्पना 1962 मधली. तिथे एन्झाइमच्या अभिक्रियेत ऑक्सिजन खर्ची पडतो, तो मोजला की झाले. अँटिबॉडी मात्र अँटिजेनला, म्हणजे ती नेमका ओळखते त्या पदार्थाला, धरून नुसती बसून राहते. इलेक्ट्रोडला कळावे असे फारसे काही घडतच नाही. सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

तरीही प्रथिनांवर विद्युतभार असतो, तो थेट मोजू, अशी आशा होती. 1975 मध्ये ‘इम्युनोइलेक्ट्रोड’ नावाने पहिला गाजलेला प्रयोग छापून आला. गंमत म्हणजे त्यात अँटिबॉडी नव्हतीच. अबईच्या जातीच्या शेंगेतले, शर्करेला चिकटणारे प्रथिन होते. मग ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे जिथल्या भाराने त्यातला प्रवाह बदलतो त्या भागावर, अँटिबॉडी बसवण्याची लाट आली. आकडे हलत, पण कशामुळे, यावर एकमत होईना.

अडचण मिठाची होती. रक्ताइतक्या खारट द्रवात आयन कोणत्याही भाराला एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात आणि अँटिबॉडीच सुमारे दहा नॅनोमीटरची. द्रव शंभरपट पातळ केला तर हे अंतर दहापट वाढते खरे, पण मग ते रक्त राहत नाही आणि बंधही पूर्वीसारखा जुळेलच असे नाही. 1991 च्या एका परखड आढाव्याने हा हिशेब मांडला. तो आणखी दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.

दुसरी वाट कमी देखणी, पण चालणारी. एका अँटिबॉडीने पदार्थ पकडायचा, त्यालाच चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीला अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम लेबल म्हणून जोडायचे, धुवायचे आणि एन्झाइमने तयार केलेला पदार्थ इलेक्ट्रोडवर मोजायचा. हृदयविकाराच्या संशयात रुग्णाजवळच ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन तपासणारी कार्ट्रिज याच तत्त्वावर चालते. निकाल साधारण दहा मिनिटांत.

लेबलविना मोजायचा मोह मात्र सुटला नाही. आता इम्पिडन्सचा, म्हणजे प्रत्यावर्ती विजेला होणारा विरोध मोजण्याचा, जोर आहे: सोन्याच्या इलेक्ट्रोडवर काही चिकटले की द्रवात मुद्दाम घातलेल्या फेरो-फेरीसायनाइडचा इलेक्ट्रॉन-व्यवहार अडतो आणि इम्पिडन्सच्या आलेखातले अर्धवर्तुळ फुगते. पण ते रक्तातले नेहमीचे प्रथिन अल्ब्युमिन चिकटले तरी फुगते. मिलिलीटरभर प्लाझ्मात अल्ब्युमिन सुमारे 40 मिलिग्रॅम, शोधायचे ट्रोपोनिन नॅनोग्रॅमच्याही खाली. म्हणजे चार कोटी पटींहून जास्त गर्दी! त्यामुळे ग्राफीनच्या, म्हणजे अणूभर जाडीच्या कार्बन-थराच्या, नव्या ट्रान्झिस्टरांवरचे निबंध वाचतानाही मोजणी कशात केली ती ओळ आधी शोधावी. पुष्कळदा ती रक्तात नव्हे, पातळ केलेल्या बफरमध्येच (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) झालेली असते.