नियम सर्वांना एक, पंप मात्र काहींनाच

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या, रुग्णाला इन्सुलिनसाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि निकषांत बसल्यास इन्सुलिन पंपही सरकारी खर्चानेच मिळतो. तरीही इंग्लंडमध्ये कोणाच्या कमरेला पंप असतो आणि कोणाला दिवसातून चार-पाच वेळा स्वतःला टोचून घ्यावे लागते, हे बऱ्याच अंशी राहण्याचे ठिकाण, घरची परिस्थिती आणि वंश यांवर ठरत आले आहे. पैशाचा प्रश्न कागदावर सुटल्यानंतरही असे का घडले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पंपाची उपचारपद्धती बऱ्याच अंशी लंडनमध्येच उभी राहिली. गायज हॉस्पिटलमधील जॉन पिकअप आणि हॅरी कीन यांच्या गटाने मिल हिल येथील सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेले बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र वापरून त्वचेखाली अखंड इन्सुलिन सोडण्याचा प्रयोग केला आणि १९७८ मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्या यंत्राला दोन वेग होते: दिवसरात्र चालणारा मंद वेग आणि जेवणाच्या वेळचा जलद वेग. आजच्या पंपाचे तत्त्वही तेच आहे. पोटावर किंवा मांडीवर बसवलेली बारीक नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. ती वाकली किंवा निसटली आणि वेळेवर लक्षात आले नाही, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसल्यामुळे काही तासांतच रक्तात घातक आम्ल वाढू लागते. म्हणूनच पंप ही खोक्यातून काढून हातात ठेवण्याची वस्तू नव्हे. तो वापरायला शिकवणारी परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारे कोणीतरी असेल, तरच तो उपचार ठरतो. पुढच्या सगळ्या विषमतेचे मूळ मला इथेच दिसते.

साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी मोठ्या प्रमाणात टळते, हे अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या चाचणीने १९९३ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर अशा नियंत्रणासाठी इतर श्रीमंत देशांत पंपांचा वापर वेगाने वाढला, पण ब्रिटन मागे राहिला. कोणत्या उपचारावर सरकारी पैसा खर्च करावा हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००३ मध्ये पंपाला पहिली मान्यता दिली आणि जुलै २००८ मध्ये निकष नव्याने ठरवले. बारा वर्षांवरील रुग्णाने दिवसातून अनेक इंजेक्शने घेऊन पाहिली असावीत आणि तरीही त्याची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची पातळी, ८.५ टक्के किंवा त्याहून अधिक राहिली असावी, अथवा ती खाली आणताना साखर घसरण्याच्या झटक्यांनी त्याचे जगणे अवघड झाले असावे, अशी अट होती. बारा वर्षांखालील मुलांसाठी अट सैल होती. निकषांत बसणाऱ्या रुग्णाचा खर्च उचलणे स्थानिक आरोग्य यंत्रणेवर बंधनकारक होते.

बंधन असूनही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत टाइप १ च्या प्रौढांपैकी जेमतेम ६ टक्के आणि मुलांपैकी १९ टक्के पंपावर असल्याचे आढळले, आणि एका रुग्णालयापासून दुसऱ्यापर्यंत फरक फार मोठा होता. याला तिकडे ‘पोस्टकोड लॉटरी’ म्हणतात. प्रशिक्षित परिचारिका असलेल्या केंद्राजवळ राहणाऱ्याचे काम होई, नसलेल्याला दूरच्या केंद्राकडे पाठवले जाई किंवा पंपाचा विषयच निघत नसे.

यापेक्षा बोचणारी गोष्ट दुसरी आहे. इंग्लंड आणि वेल्समधील मधुमेही मुलांची दरवर्षी जी राष्ट्रीय पाहणी होते, तिच्यात वर्षानुवर्षे असे दिसते की गरीब वस्त्यांतील आणि कृष्णवर्णीय मुलांची सरासरी साखर इतरांपेक्षा जास्त असते, आणि पंपावरील मुलांचे प्रमाण मात्र त्यांच्यातच कमी असते. पंपांची एकूण संख्या वाढत गेली त्या काळातही ही दरी रुंदावली. जास्त साखर हाच पात्रतेचा निकष असेल, तर पंप याच घरांत अधिक पोहोचायला हवे होते.

ते पोहोचले नाहीत, कारण निकष आणि पंप यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या होत्या. प्रौढांना पंपाआधी बहुधा कर्बोदके मोजून इन्सुलिनचा डोस ठरवण्याचे शिक्षण पूर्ण करावे लागे. ‘डॅफ्ने’ हा त्यातला प्रसिद्ध अभ्यासक्रम मूळ स्वरूपात सलग पाच दिवसांचा, कामाच्या वेळेतला आहे, आणि रोजंदारीवरच्या बाईला किंवा तासावर पगार घेणाऱ्या माणसाला पाच दिवसांची मजुरी सोडणे परवडत नाही. इंग्रजीत डॉक्टरांशी हुज्जत घालून पंप मागणारे पालक पुढे जात, आणि डॉक्टरांनी सांगितले तेच प्रमाण मानणारे मागे राहत. लंडनच्या उपनगरांतील आपल्याकडून गेलेल्या पहिल्या पिढीच्या घरांनाही ही सवय ओळखीची वाटेल. त्यात ‘यांना यंत्र झेपेल का’ हा उपचार करणाऱ्यांच्या मनातला अंदाज भर घालतो, आणि तो अंदाज कोणत्याही अर्जावर लिहिला जात नाही.

एकदा पडलेली दरी पुढच्या तंत्रज्ञानातही उतरते. साखर मोजणारा सेन्सर आणि पंप यांना जोडून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ‘हायब्रिड क्लोज्ड लूप’ प्रणालीचा एनएचएसने प्रौढांवर पथदर्शी प्रयोग केला, तेव्हा सहभागासाठी आधीपासून पंपावर असणे आवश्यक होते. ज्यांना पंप कधी मिळालाच नाही, ते तिथेही बाहेर राहिले.

डिसेंबर २०२३ मध्ये नाइसने या प्रणालीला मान्यता देताना दार बरेच रुंद केले. टाइप १ ची सर्व मुले व तरुण, गरोदर स्त्रिया आणि ७.५ टक्के किंवा त्याहून जास्त एचबीए१सी असलेले प्रौढ आता पात्र आहेत. मात्र एरवी असा निर्णय अमलात आणण्यासाठी जेमतेम तीन महिने मिळतात, ते या वेळी शिकवणारी माणसे अपुरी असल्याने पाच वर्षे करण्यात आले. एप्रिल २०२४ पासून स्थानिक यंत्रणा पात्र रुग्णांच्या याद्या करू लागल्या, आणि त्या यादीत पहिली हाक कोणाला जाते यावर दरी मिटणार की आणखी पाच वर्षे टिकणार, हे अवलंबून आहे.