अण्णांच्या डिस्चार्ज बुकातली पंधरा वर्षे

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या तेराव्याला जो बोलायला उभा राहिला त्याने ‘एकाहत्तरचे वीर’ म्हणूनच सुरुवात केली. एकाने तर त्यांना थेट बांगलादेशातल्या जमालपूरच्या मोर्चावर नेऊन बसवले. अण्णा जमालपूरला नव्हते. हयात असताना ते स्वतःच प्रत्येकाला असे सांगत, पण लोकांना ते ऐकायचे नसे. त्यांच्या माघारी निदान कागदावर तरी क्रम नीट लागावा म्हणून ही नोंद.

माण-खटावकडे पोरगा मिलिटरीत जाणे नवीन नव्हते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, आणि त्या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागते. हा इतिहास भाषणांतून भरपूर ऐकायला मिळतो, तेव्हा तो इथे उगाळत नाही. एवढेच म्हणतो की आमच्याकडची भरती जेवढी शौर्यावर चालली तेवढीच पावसावरही. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला मुलूख, एकाआड एक वर्ष कोरडे, आणि घरात चार भाऊ. एकाने पलटणीत जायचे, एकाने मुंबईला, उरलेल्यांनी बांध सांभाळायचे, हा हिशेब आजोबांच्याही आधीचा.

अण्णांचा नंबर लागला तो चीनच्या युद्धाने. ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि पुढच्या दोन वर्षांत फौज सव्वाआठ लाखांवर नेण्याचे ठरले. गावोगाव भरती सुरू झाली. १९६३ च्या सुरुवातीला अण्णा छाती मोजून आले. जन्मसाल १९४४, कागदावर १९४५, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तेच लिहिले होते. शिक्षण बेळगावला झाले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात. पासष्टच्या युद्धात ते पंजाबच्या आघाडीवर होते. त्यावर ते कधी फारसे बोलले नाहीत. उसाच्या फडात तोफगोळा पडला की पाचट कसे पेटते, एवढे एकच चित्र ते सांगत, तेही फड पेटवण्याचा विषय निघाला तर.

आता मुख्य घोळाकडे येतो. तो आमच्या घरात पन्नास वर्षे चालला.

त्या काळी जवानाच्या करारात दोन भाग असत, कलर सर्व्हिस आणि रिझर्व्ह. काही वर्षे पलटणीत अंगावर वर्दी घालून काढायची आणि पुढची काही वर्षे घरी राहून, पण नाव सरकारच्या यादीत ठेवून. किती आणि किती हे शाखेप्रमाणे आणि भरतीच्या सालाप्रमाणे बदले. अण्णांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात, सात आणि आठ आहे. म्हणजे १९७० साली ते ‘सुटून आले’ असे गाव म्हणत होते, पण सरकारच्या लेखी ते सुटलेले नव्हते. शेजारी त्यांना माजी सैनिक म्हणत, आजी ‘रजेवर आलाय’ म्हणे, आणि अण्णा स्वतः ‘रिझर्व्हला आलोय’ म्हणत. तिघांचे शब्द वेगळे, आणि यातला बरोबर एकच. रिझर्व्हमधला माणूस ना धड फौजेत असतो ना फौजेबाहेर. नोकरी मागायला जावे तर मालक विचारतो, परत बोलावले तर? लग्नाच्या बैठकीत तोच प्रश्न सासरकडून येतो. आईच्या मामांनी तो विचारलाच होता.

आणि परत बोलावले. १९७१ च्या पावसाळ्यानंतर रिझर्व्हमधल्यांना हजर होण्याचे हुकूम निघू लागले. अण्णांचा कागद आला तेव्हा बाजरीची काढणी चालू होती. बेळगावला जाऊन पुन्हा बूट, पुन्हा रायफल. त्या डिसेंबरात जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जमालपूर घेऊन पुढे गेली आणि ११ तारखेच्या संध्याकाळी टांगाइलजवळच्या पुलावर छत्रीने उतरलेल्या २ पॅरा या पॅराशूट बटालियनला जाऊन मिळाली. ती २ पॅराही मुळात मराठ्यांचीच पलटण. ही गोष्ट अण्णा अभिमानाने सांगत, आणि बहुधा त्यातूनच लोकांनी त्यांना तिथे नेले. प्रत्यक्षात १६ डिसेंबरला शरणागती झाली तेव्हा ते अजून पाठीमागेच होते. त्यांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. सुमारे ९३,००० युद्धकैदी भारतात आणले गेले, त्यांना सांभाळायला माणसे लागत होती. अण्णा तेव्हाच्या बिहारात, रांचीच्या बाजूच्या एका छावणीत तारेच्या कुंपणाबाहेर पहाऱ्यावर उभे राहिले. वर्षभर. कैद्यांना घरी पत्रे लिहिता येत, आणि उत्तर कधी येणार हे ते पहाऱ्यावरच्यांना विचारत. कैद्यांची रवानगी सुरू झाली सप्टेंबर १९७३ मध्ये आणि संपली एप्रिल १९७४ मध्ये. अण्णा त्याआधीच, १९७२ च्या अखेरीस घरी आले होते.

घरी म्हणजे दुष्काळात. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना लाल मिलो आणि सुकडी हे शब्द तरी घरात ऐकू आले असतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. त्यात अण्णा आणि आई. आई खडी फोडत होती, अण्णा पाझर तलावाच्या भरावावर. पाच महिन्यांपूर्वी हाताखाली कैदी असलेला माणूस इथे मुकादमापुढे हजेरीला उभा. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले खरे युद्ध हे, पण त्याचे पदक निघत नाही.

मुंबईला ते त्यानंतर गेले. गिरणीच्या फाटकावर वॉचमन, रात्रपाळी, गावकीच्या गाळ्यात वळकटी टाकायला जागा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्षभराने ते कायमचे गावी परतले. पुढची चाळीस वर्षे शेती. विहीर दोनदा खोल केली, तिसऱ्यांदा पाणी लागले.

मधल्या काळात, १९७८ ला, पंधरा वर्षे भरली. सात अधिक आठ. इथे घरातला सर्वांत गाजलेला निर्णय येतो. रिझर्व्हची मुदत पुरी करणाऱ्याला दोन वाटा होत्या. महिन्याला अगदी किरकोळ अशी रिझर्व्हिस्ट पेन्शन, नाहीतर तिच्याऐवजी एकदाच ग्रॅच्युइटी. थोरले चुलते म्हणाले, एकरकमी घे, विहिरीवर इंजिन येईल. गावातल्या अण्णांच्या बरोबरीच्या दोघांनी तसेच केले. इंजिने आली, गावाने पाहिली, आणि चहापाण्यापुरती पेन्शन धरून बसलेल्या अण्णांना लोक हसले. चुलत्यांनी दोन वर्षे बोलणे टाकले.

हिशेब करायचा तर त्या दिवशी चुलतेच बरोबर होते. ती पेन्शन कुठल्याही अर्थाने पेन्शन म्हणावी अशी नव्हती. पण पुढे नियम बदलत गेले, शिपायाला मिळणाऱ्या सर्वांत कमी पेन्शनच्या दोन तृतीयांश असे तिचे प्रमाण बांधले गेले, आणि वेतन आयोगामागून वेतन आयोग येत ती फुगली. इंजिने तोवर भंगारात गेली होती. एकरकमी घेतलेल्यांना मागे फिरता आले नाही. अण्णांना दूरदृष्टी होती असे आता सगळे म्हणतात. मला नाही वाटत. त्यांना दर महिन्याला सरकारकडून काहीतरी यावे, आपले नाव यादीत राहावे, एवढेच हवे होते.

यादीचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. ‘वन रँक वन पेन्शन’ची, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असलेल्यांना, ते कधीही निवृत्त झाले तरी, सारखीच पेन्शन या योजनेची घोषणा सप्टेंबर २०१५ मध्ये झाली, आदेश ७ नोव्हेंबरला निघाला, लागू १ जुलै २०१४ पासून. तिच्यासाठी चाललेल्या माजी सैनिकांच्या आंदोलनाच्या बातम्या अण्णा रोज वाचत होते, पारावर पैजा लागल्या होत्या. मग ३ फेब्रुवारी २०१६ चे सविस्तर पत्र आले आणि कोणाकोणाला ही योजना लागू नाही त्या ओळीत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेशच्या फौजांच्या पेन्शनरांशेजारी, रिझर्व्हिस्ट पेन्शनर. सरकारची बाजू मांडायची तर हुद्दा आणि सेवेची वर्षे यांवर उभ्या असलेल्या योजनेत घरी काढलेली आठ वर्षे कशी मोजायची, हा प्रश्न आहेच. पण ती आठ वर्षे त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने घरी काढली नव्हती, आणि त्यातले एक वर्ष तर घरीही काढले नव्हते. अण्णांनी ती ओळ मला मराठीत करून सांगायला लावली. ऐकून म्हणाले, ‘ब्रह्मदेशात आपण कधी गेलो?’

गेल्या वर्षी ते गेल्यावर पेन्शन बंद करण्याचा अर्ज भरायला मी बँकेत गेलो. एका रकान्यात सैन्यातून निवृत्तीची तारीख विचारली होती. पुस्तकात तीन शिक्के आहेत, सत्तर, बाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर. खिडकीतला मुलगा म्हणाला, एकच लिहा काका. मी शेवटची लिहिली.