'बरं चाललंय' याला किती गुण?

जत तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन विचारा, "काय, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं: "चाललंय बघा बरं." टँकर आठ दिवस आलेला नसला तरी हेच. सुख मोजायला निघालेल्या संशोधकाच्या दृष्टीनं हा नुसता रामराम झाला, त्यात माहिती काहीच नाही.

म्हणून शिडी काढतात. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडलेली ही रीत आजही सर्रास वापरात आहे. पायऱ्या ० ते १०. सगळ्यात वरची म्हणजे तुमच्या दृष्टीनं चांगल्यात चांगलं आयुष्य, तळची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर? जागतिक आनंद अहवालात देशांची क्रमवारी याच एका प्रश्नावरून लावतात: देशागणिक वर्षाला साधारण हजार माणसं आणि तीन वर्षांची सरासरी. गंमत म्हणजे त्या प्रश्नात 'आनंद' हा शब्दच नाही.

शिडीचं चित्र कागदावर छापलेलं हवं आणि सर्वांत खालच्या पायरीवर ठळक शून्य. नाहीतर माणूस जमिनीपासून मोजायला लागतो आणि पहिली पायरी एक होते.

शब्दांचा घोळ याहून मोठा. 'तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारलं की आपल्याकडे 'नाही' म्हणणारा हावरट ठरतो; समाधान हा आपण गुण मानतो, मग नाही कोण म्हणणार? मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांच्या १९८५ च्या, आयुष्याबद्दलचं समाधान मोजणाऱ्या पाच विधानांच्या मापाचं (प्रत्येकाला १ ते ७, बेरीज ५ ते ३५) भाषांतर करताना इथंच पाय घसरतो. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्यानं मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्या चौथ्यानं ते उलट इंग्रजीत न्यायचं. मग दहा-पंधरा जणांना विचारायचं, "हा आकडा कसा ठरवलात?" वेळखाऊ काम आहे, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री यालाच लागते.

क्रमानंही आकडा हलतो. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या रोजच्या पाहणीत शिडीआधी राजकारणाचे प्रश्न विचारले, तर सरासरी ०.६ पायरीनं घसरायची, हे अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी दाखवलं. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला आधी कर्ज आणि अवकाळीचं नुकसान विचारून मग शिडी पुढे केली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. शिडी पहिल्या पानावरच हवी. पाहणीच्या दोन फेऱ्याही एकाच महिन्यात हव्यात. छाटणीचे दिवस आणि बेदाण्याचे पैसे हातात आल्याचे दिवस यांची तुलना करता येत नाही.

सून एकटी भेटली पाहिजे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर तो आकडा सासूबाईंचा समजावा.

आता थोडं गणित. उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीभोवती किती पसरलीत याचं माप) साधारण २ धरलं, तर हजार माणसांच्या सरासरीत चूक ±०.१२ च्या आसपास राहते, शंभरांच्या सरासरीत ±०.४. दोन तालुक्यांत शंभर-शंभर माणसं गाठून ०.३ चा फरक निघाला आणि 'आटपाडीपेक्षा वाळवा सुखी' असा मथळा आला, तर तो मथळा फुकाचा. शिवाय हे माप उंचीसारखं पक्कं नसतंच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्याच बायकांना दोन आठवड्यांनी आयुष्याबद्दलच्या समाधानाचा प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा दोन उत्तरांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.५९ भरला.

या कामासाठी 'सुखसंशोधक' अशी जाहिरात निघत नाही. मानसशास्त्र, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रात एम.ए. वा एम.एस्सी. (सातारा-सांगलीच्या मुलांना कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळचं), मग पीएच.डी.; पाहणीशास्त्र पक्कं करायचं तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. नोकरी बहुधा आरोग्य किंवा ग्रामविकासाच्या प्रकल्पात लागते. आमच्या मते या तीन विषयांतलं संख्याशास्त्र आधी शिकावं. मानसशास्त्र नंतर वाचून भरून काढता येतं, उलटं जमवणं जड जातं.

सुरुवातीची वर्षं प्रश्नावल्या तपासण्यात जातात. प्रत्येक प्रगणकानं (घरोघरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्यानं) आणलेल्या उत्तरांचा वेगळा आलेख काढायचा. एखाद्याकडे निम्मी माणसं पाचव्याच पायरीवर उभी दिसली, तर तो बहुतेक "पाच लिहू का?" असं विचारत असतो. त्यातली दहा घरं निवडायची आणि तिथं दुसऱ्या कुणाला तरी, कोरी शिडी घेऊन, पुन्हा पाठवायचं.