सिर्निकी तव्यावर पसरते तेव्हा

मे महिन्यात आमच्या जळगावात सकाळी विरजण लावलं की दुपारच्या जेवणाला दही तयार असतं, आणि संध्याकाळपर्यंत ते दात आंबतील इतकं आंबट होतं. पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की विरजणातल्या जीवाणूंना दुसरं काही लागत नाही. अशाच एका आंबट दह्याच्या मी सिर्निकी करायला घेतल्या.

सिर्निकी म्हणजे रशिया, युक्रेन, बेलारूसकडच्या न्याहारीतल्या गोड टिकिया. त्या भाषांत ‘सिर’ म्हणजे चीज. दह्यापासून काढलेलं रवाळ पनीर, एक अंडं, चमचा-दोन चमचे पीठ आणि बेदाणे एकत्र मळायचे, बोटभर जाड टिकिया थापायच्या आणि लोण्यावर मंद आचेवर भाजायच्या. चांगली जमलेली सिर्निकी बाहेरून खरपूस असते आणि आतून खरवसासारखी मऊ.

माझी पहिली खेप धिरड्यासारखी पसरली. दही फडक्यात दोन-तीन तास टांगून चक्का केला होता. मिश्रण सैल वाटलं म्हणून पीठ घातलं, मग आणखी घातलं. शेवटी आकार धरला, पण खाताना रबर चावल्यासारखं झालं. चोपड्याहून आलेल्या मावशीने उरलेला चक्का चिमटीत धरून दाबला. तिची बोटं ओली झाली. “आधी पानी काढ, मंग पीठ टाक,” एवढंच ती म्हणाली. सगळी गोष्ट या पाण्यातच आहे.

ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो. दुधातलं सुमारे ८० टक्के प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे सूक्ष्म गोळे एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत असतात. जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू ४.६ पर्यंत उतरतो, आणि ढकलाढकली थांबून गोळे एकमेकांना चिकटतात. त्यांचं जाळं होतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. त्यालाच आपण दही लागलं म्हणतो.

आता आपल्या घरची खास बाब. आपण दूध उकळल्याशिवाय विरजत नाही. उकळताना दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीबरोबर, म्हणजे दह्यातून सुटणाऱ्या पाण्याबरोबर, वाहून गेली असती, ती उलगडतात आणि केसीनला चिकटतात. असं दही घट्ट लागतं, कापलं तरी फारसं पाणी सोडत नाही. सुरीने वडी पडावी असं म्हशीचं दही आपल्याला आवडतं ते याच गुणामुळे, पण सिर्निकीत नेमका तोच आडवा येतो. नुसतं टांगलेला चक्का वरून कोरडा दिसतो आणि पोटात पाणी धरून बसतो. परदेशी कृती आपल्या चक्क्यावर जशीच्या तशी वापरली की फसते, त्याचं एक मोठं कारण मला हे वाटतं.

उपाय म्हणजे दह्याला ऊब देणं. पातेलं गरम पाण्यात ठेवायचं आणि दही हळूहळू तापू द्यायचं. बोट बुडवलं तर दोन-तीन सेकंदांवर ठेववत नाही, इतपत ऊब पुरे. ढवळायचं जवळजवळ नाहीच. उष्णतेने प्रथिनांचं जाळं आक्रसतं आणि पिळल्यासारखं पाणी बाहेर पडतं. कडेने हिरवट-पिवळी निवळी सुटते, मधे पांढरा गोळा तरंगतो. उकळी मात्र येऊ द्यायची नाही, नाहीतर कण वाळूसारखे कडक होतात आणि पुन्हा एकजीव होत नाहीत. मग फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. चिमटीत दाबून बोटं कोरडी राहिली की झालं.

हे पनीर तव्यावर वितळत नाही, यालाही कारण आहे. पिझ्झावरच्या चीजमध्ये केसीनला कॅल्शियमने बांधून ठेवलेलं असतं. ते बंध उष्णतेने सैलावतात आणि चीज ताणलं जातं. दह्यातल्या आम्लाने मात्र बरंचसं कॅल्शियम विरघळवून निवळीत नेलेलं असतं. म्हणून सिर्निकी आकार धरून राहते, फक्त पाणी जास्त नको. अंडं चालत नसेल त्यांनी बारीक रवा घालून अर्धा तास थांबावं.

गोडीसाठी मी साखर नावालाच घालते. साखर पनीरमधलं पाणी ओढून घेते आणि घट्ट मळलेला गोळा दहा मिनिटांत सैल पडतो. सुकामेवा याच्या उलट वागतो. बेदाण्यात पाणी साधारण १५ टक्केच असतं, त्यामुळे तो पनीरमधला ओलावा स्वतः पितो आणि फुगतो. त्याची साल हे काम हळू होऊ देते. चिरलेला खजूर किंवा जर्दाळू लवकर पितो. बेदाणे आधी भिजवायचे असतील तर फडक्यावर टिपून कोरडे करा. आमच्याकडे वाळवलेली केळी मिळतात, त्यांचे बारीक तुकडे मला सगळ्यांत आवडतात. ताजं केळं कुस्करून घालायचा मोह होतो, पण त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं.

भाजताना घाई नको. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जात नाही आणि तांबूसपणा येत नाही. पाणी उडालं की प्रथिनं आणि साखर यांची ती प्रक्रिया सुरू होते, जिचं वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. आम्लात ती मंदावते, म्हणून फार आंबट दह्याच्या सिर्निकी फिकट राहतात. चिमूटभर सोड्याने रंग येतो, पण वायूने टिकीला तडे जातात. मी सोडा घालत नाही, दहीच वेळेवर फ्रीजमध्ये ठेवते. कडेला डोकावलेला बेदाणा आत ढकलून द्यावा. उघडा राहिला तर तो आधी जळतो आणि कडवट लागतो.

आणि निवळी मोरीत ओतू नका. दह्यातलं कॅल्शियम तिच्यातच उतरलेलं असतं. आमच्या घरी त्या दिवशी वरण-बट्टी ठरलेली. बट्टीचं रवाळ पीठ, ओवा आणि चिमूटभर सोडा घेऊन मावशी पाण्याऐवजी निवळीनेच मळते. सोड्याला निवळीतलं आम्ल भेटतं आणि बट्टी आतून हलकी होते.